शेडला खिडकी कशाला?

३ मार्च

ती. ताईला,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस, म्हणून पुन्हा पत्र. तीस वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवताना करवतीच्या यंत्राशेजारी उभी राहिलीस, त्याचं हे बक्षीस. माझा फायदा एवढाच की अक्षर जरा सुधारतंय.

काम तुझ्याच खात्यातलं आहे. मागच्या बागेत एक लाकडी शेड बसवायची म्हणतो. फावडं, कुदळ, गवत कापायचं यंत्र, पाण्याची नळी, रिकाम्या कुंड्या, सगळं जिन्याखाली कोंबलेलं आहे आणि दार उघडलं की अंगावर येतं. म्हणून काल शहराबाहेर जिथे अशा तयार शेड मांडून ठेवतात तिथे गेलो होतो. घरी आल्याआल्या आंघोळ केली, यावरून काय ते समज.

पहिल्या शेडचं दार उघडलं आणि आतून भपकारा आला. ओल्या चिंध्या, बुरशी आणि उंदरांचं मूत. विकणारा म्हणाला की हा लाकडाचा नैसर्गिक वास आहे. हे तो मला सांगत होता. बावीस वर्षं तेलाच्या कारखान्यात मी वाटीभर तेल हुंगून सांगतो की कुठल्या टाकीतलं तेल खवट व्हायला लागलंय, ते काय उगीच? दुसऱ्या शेडच्या भिंतीतल्या प्रत्येक फळीवर एकच गाठ, एकाच जागी. भुसा दाबून केलेला तक्ता आणि त्याच्यावर लाकडाचा छापील कागद! नखानं उचकला तर सालपटासारखा सुटून आला. तिसरीत पाय ठेवला तर जमीन भिजलेल्या पावासारखी खाली गेली, आणि कोपऱ्यात चक्क अळंबी उगवलेली. त्या माणसानं ती बुटानं चिरडली, वर हसला, आणि ज्या हातात घाम पुसलेला रुमाल होता तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो शर्ट मी दोनदा धुतला.

तर आता तू सांग. लाकूड कोणतं घ्यावं? साधारण दहा फूट बाय आठ फूट पुरेल का? आणखी थोडं विचारायचं होतं. दार तीन फुटांचं करता येईल का, आणि उंबरा नसला तर पाणी आत येतं का? भिंतींच्या आत थंडी अडवणारं काही भरता येतं का? खिडकी बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवली तर बरी दिसेल ना?

ही बरी आहे. दातांच्या दवाखान्यात सध्या गर्दी, संध्याकाळी दमून येते. आप्पाही ठीक. चष्म्यांचं दुकान बंद करून बारा वर्षं झाली तरी सकाळी पांढरा शर्ट लागतोच.

उत्तर लवकर पाठव. लोभ आहेच, सल्लाही असावा.

तुझा
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. तो छापील कागद नखानं उचकलास ना, शाबास. आता नीट ऐक.

तयार शेड घेऊच नकोस. त्या लोकांनी बाहेरून रंग फासून आतली कूज लपवलेली असते. देवदार परवडला तर उत्तम, नाही तर चिडाचं लाकूड घे, फक्त दर दोन वर्षांनी तेल पाजायला लागेल. तेल तुझ्या घरात कमी नाही. फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठोकलेल्या नकोत. एकीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ हवी, म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी फट पडत नाही. जमिनीखाली विटा घालून ती वीतभर उचलून घे, खालून वारा खेळला पाहिजे. छप्पर भिंतीच्या बाहेर हातभर तरी यायला हवं. जिथे तिथे स्क्रू. खिळे दिसले की उठून घरी ये. आणि तुझं नाक वापर. चांगल्या लाकडाला वास येतो, वाईट लाकडाचा वास मारतो. एवढा फरक कळला की झालं.

उंबरा नसला तरी चालतं, दारासमोर उतार द्यायचा. भिंतीत भरायला लोकर मिळते. हे सगळं होतं.

पण मला एक कळत नाही. तीन फुटी दार समजलं, गवताचं यंत्र आत ढकलायचं. पण फावड्याला थंडी कधीपासून वाजायला लागली? आणि खिडकी बसलेल्या माणसाच्या नजरेला कशाला? कुदळ बसून बाहेर बघणार आहे का? का शेडच्या नावाखाली स्वतःला पत्ते खेळायला खोली काढतोयस? तसं असेल तर सांग, मी कुणाला सांगणार नाही. आमच्या मजल्यावर सांगायला आहे तरी कोण.

आप्पांबद्दल तू एक ओळ लिहितोस, त्या शर्टाची. ते जेवतात का नीट? खोकला गेला का? पुढच्या पत्रात चार ओळी लिही. आपली जेवायच्या आधी नखं तपासणारा माणूस तो, एका ओळीत कसा संपेल?

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद आणि तुला एक चापट. दोन्ही पोचल्याचं कळव.

ताई


२० मार्च

ती. ताईला,
सा. न. वि. वि.

चापट पोचली.

तू सांगितल्याप्रमाणे तयार शेडचा नाद सोडला आणि एक सुतार गाठला. म्हातारा आहे, उद्धट आहे, पण त्याच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा नाकाला बरं वाटलं. देवदाराच्या फळ्या रचून ठेवलेल्या, नुसता भुसा हातात घेऊन हुंगत बसावं असं. तुझ्या सगळ्या अटी त्याला वाचून दाखवल्या. त्यानं विचारलं की हे कुणी लिहिलंय, आणि तू कोण ते सांगितल्यावर म्हणाला की बाईंना कळतं. एवढं ऐकून खूष हो.

मग त्यानं माझ्या अटी वाचल्या. उंबरा नको, दार रुंद, भिंतीला आतून पकडायला दांडा, खिडकी खाली, दिव्याची सोय. कागद घडी करून खिशात टाकला आणि शांतपणे विचारलं की आत कोण राहणार आहे. मी म्हटलं, सामान.  तो पेन्सिलीला थुंकी लावून टेबलावर लिहायला लागला. ती थुंकी बघून मला मळमळलं, पण खरं सांगायचं तर थुंकीनं नाही.

ताई, शेड आप्पांसाठी आहे.

आता लगेच पेटू नकोस, आधी पूर्ण वाच. घरातलं तुला माहीत नाही. बेसिनवर स्टीलच्या वाटीत दातांची कवळी, त्या पाण्यावर तवंग. सकाळी उठल्यापासून घसा खाकरणं, आणि मग जे बाहेर येतं ते रुमालात गुंडाळून उशीखाली. जेवताना एक शिट्टीसारखा आवाज येतो आणि घास अर्धा हनुवटीवर. पायजमा कधी कोरडा असतो, कधी नसतो. खोलीचं दार उघडलं की पॅसेजमध्ये जो वास येतो त्याला माझ्याकडे शब्द नाही, आणि वासाला शब्द शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. हिला हे सहन होत नाही. दिवसभर परक्यांच्या तोंडात बघून येते आणि घरी पुन्हा तेच. बोलत नाही, पण मला दिसतं. तिचा विचार करायला नको का?

शेड चांगली होईल. ऊब असेल, उजेड असेल, बाग समोर. घरापासून वीस पावलं. जेवण आम्ही नेऊन देऊ. कितीतरी म्हाताऱ्यांना एवढंही मिळत नाही.

तू समजून घेशील अशी आशा. लोभ कमी करू नकोस.

धाकटा


२६ मार्च

धाकट्यास,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, विसरले नाही.

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि हात धुतले. तुला त्या अळंबीची किळस आली, त्या माणसाच्या रुमालाची आली, सुताराच्या थुंकीची आली. मला तुझ्या पत्राची आली. आणि माझी स्वतःची, कारण जीभ, खाच, विटा, लोकर, सगळं मीच तुला हौसेनं लिहून दिलं. बापाला अंगणात ठेवण्याच्या खोक्याचा आराखडा माझ्या हातचा! हे तू माझ्याकडून गोड बोलून काढून घेतलंस. फावडं आणि कुदळ म्हणालास. अरे, थोडी तरी लाज.

आणि बायकोच्या आड काय लपतोस? ती बोलत नाही, पण तुला दिसतं म्हणे. ज्या बाईनं तक्रार केलेली नाही तिच्या नावावर तक्रार लिहितोस, याला काय म्हणतात ते तुझं तू शोध. शब्द शोधणं तुझ्या पोटापाण्याचं काम आहे ना.

जेवण नेऊन देऊ म्हणतोस. कुत्र्यालाही नेऊनच देतात.

वीस पावलं म्हणतोस, मोजलीस का? आप्पा रात्री किती वेळा उठतात ते मोजलंस का? पावसात ती वीस पावलं कोण चालणार? तू? तुला तर पॅसेजसुद्धा ओलांडवत नाही.

सुताराला नाही म्हणून सांग आणि तसं मला कळव. तोवर लोभाबिभाचं काही लिहू नकोस.

ताई


२ एप्रिल

ताईस,

नमस्कार लिहितो आहे, कारण तू मोठी आहेस. एवढ्यासाठीच.

अकरा दिवस. आठवतात? दोन वर्षांपूर्वी आप्पा तुझ्याकडे महिनाभरासाठी आले होते. बाराव्या दिवशी तू त्यांना गाडीत बसवून परत पाठवलंस आणि चिठ्ठी दिलीस की चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे दुखतात. तेव्हा मी काही विचारलं नाही. आप्पाही काही बोलले नाहीत. पण त्या अकरा दिवसांत ते जिना एकदाही उतरले नव्हते, मग गुडघे कुठल्या जिन्यानं दुखले?

तुझ्या दोन खोल्या मोकळ्या आहेत. शेजारीण वर यायला तयार आहे. ने त्यांना. मी उद्या आणून सोडतो. शेडला मी आगाऊ पैसे दिलेत ते बुडू देत.

नाही ना येत उत्तर? मग मला किळस शिकवू नकोस.

सुतार या महिन्यात काम सुरू करतोय. देवदारच घेतला. स्क्रू आहेत, खिळे नाहीत.

धाकटा


९ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे मायना चुकला असेल तर क्षमा करा. तुमची पत्रं आणि यांनी तुम्हाला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे मला यांच्या कोटात सापडले. कोट धुवायला टाकायचा होता. वाचायला नको होते, पण मध्येच माझा उल्लेख निघाला आणि मग थांबता आलं नाही.

मला सहन होत नाही असं यांनी लिहिलंय. वन्सं, मी दिवसाला वीस लोकांच्या तोंडात बघते. आप्पांची कवळी मी रोज घासते, ते माझ्यासाठी भांडं घासण्यासारखं आहे. रुमाल मी उकळते. चादर मी बदलते. कंटाळा येतो, पाठ दुखते, कधी चिडून ती चादर आपटतेही. पण किळस? ती मला येत नाही. त्यात माझा मोठेपणा नाही, कामाची सवय आहे.

किळस यांना येते. जानेवारीपासून हे आप्पांच्या खोलीत गेलेले नाहीत. आप्पा टेबलावर बसले की ताट उचलून स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवतात, आणि नळ चालू ठेवतात, म्हणजे आवाज येऊ नये. पॅसेजमधून जाताना बाही नाकाला लावतात. आधी मला वाटलं सर्दी आहे. मी काही बोलले नाही ही माझी चूक. मला वाटलं, आपलं आपण समजून घेतील. आणि त्यांनी काय समजून घेतलं, तर मी गप्प आहे म्हणजे मला त्रास होतो! माझ्या गप्प बसण्याचा असा उपयोग झालेला बघून मला शिसारी आली.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. आप्पांना शेडचं माहीत आहे. सुतार बाग मोजायला आला तेव्हा हे कारखान्यात होते. आप्पा काठी टेकत बाहेर गेले आणि त्याच्याशी बोलत उभे राहिले. खिडकी पूर्वेला घ्या, सकाळी वाचायला उजेड मिळेल, असं त्यांनीच त्याला सांगितलं. सुतार आत पाणी प्यायला आला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवेना. मी आप्पांना विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं. ते म्हणाले की पंचेचाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून काढली, कोण बघायचं टाळतंय ते कळतं. मग म्हणाले की त्याला बोलू नकोस, त्याचं पोट नाकावर चालतं, नाक बंद करून कसं चालेल?

तर वन्सं, शेड होऊ दे. मी अडवणार नाही, सुतार चांगला आहे आणि लाकूडही आलंय. पण तिथे कोण झोपायचं ते मी ठरवणार आहे. तुम्ही काही लिहू नका, मी बघते.

तुमच्या अकरा दिवसांचं मला काही विचारायचं नाही. वाचलं, एवढंच.

माझ्यावर राग नसावा, आणि असला तर तसा कळवावा.

तुमची
भावजय


१५ एप्रिल

चि. सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

मायना बरोबर आहे. चूक असती तरी तुला सांगायची माझी लायकी उरलेली नाही.

तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. अकरा दिवसांतले नऊ बरे गेले. आप्पा खिडकीशी बसायचे, मी त्यांना जुन्या शाळेतल्या गमती सांगायची. दहाव्या संध्याकाळी त्यांना वेळेवर उठता आलं नाही. खुर्चीत, पांढऱ्या शर्टासकट. ते नुसते भिंतीकडे बघत बसले. मी सगळं केलं. पाणी आणलं, पुसलं, कपडे बदलले, खुर्ची धुतली. अगदी नीट केलं. मग गॅलरीत जाऊन कठड्यावरून ओकले. मागे वळले तर ते दारात उभे. त्यांनी पाहिलं.

मी त्यांना घालवलं ते त्या घाणीसाठी नाही. त्यांनी मला ओकताना पाहिलं, आणि त्यानंतर मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी कपाटाची बिजागरी दुरुस्त करत बसले, जिला काहीही झालेलं नव्हतं. मग गुडघे आणि चौथा मजला आठवला.

म्हणजे धाकट्याला मी जे लिहिलं ते सगळं आधी मला लागू आहे. फरक एवढाच की त्यानं खोली बांधायला घेतली आणि मी जिना दाखवला. त्याचं निदान लाकूड तरी चांगलं आहे. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती. सकाळी आरशासमोर केस विंचरायलाही नको वाटतं.

वीस मे रोजी मी येते. गाडीचं तिकीट काढलं आहे. महिनाभर राहीन. मला काय येतं, काय येत नाही, ते माहीत नाही. पण ओकायचं झालं तर या वेळी त्यांच्यासमोरच ओकेन, आणि पुन्हा कामाला लागेन.

त्याला काय करायचं ठरवलंयस ते विचारत नाही. जे करशील ते जोरात कर.

तुझ्यावर लोभ होताच. आता त्यात थोडी भीतीही मिसळली आहे.

तुझी
ताई


२९ एप्रिल

ती. ताईला,
सा. न. वि. वि.

पत्ता तोच आहे, फक्त मी मागच्या बाजूला राहतो.

शेड बावीस तारखेला पूर्ण झाली. सुतार किल्ली देऊन गेला. मी संध्याकाळी कारखान्यातून आलो तर माझी गादी, माझ्या चपला, दाढीचं सामान आणि चादर शेडमध्ये नीट लावून ठेवलेलं. खुंटीवर माझा कोट. ही दारात उभी होती. मी विचारलं की हे काय. तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, "ज्याला वास येतो त्यानं बाहेर झोपावं. ज्याचा येतो त्यानं नाही." मग घरात जाऊन भाजी चिरायला लागली.

मी भांडलो असतो. पण आप्पा खिडकीत उभे होते, आणि माझ्याशी नजरानजर झाल्यावर त्यांनीच आधी मान फिरवली. मला वाचवायला. तेव्हा मी शेडमध्ये शिरलो.

तुला वाटेल मी इथे तळमळत असेन. खरं लिहितो, म्हणजे माझी किंमत तुला कळेल. मला इथे छान झोप लागते. देवदाराच्या वासाशिवाय कसलाही वास नाही. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ऊन येतं. दांडा मजबूत आहे, मी त्यावर टॉवेल वाळत घालतो. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा मी चक्क खूष होतो. मग लक्षात आलं की मी इथे खूष आहे म्हणजे काय, आणि उठून बसलो, आणि तो सुवासही नकोसा झाला. तेलाची एक तऱ्हा असते, ताई. वरून सोनेरी, वासालाही गोड, आणि घोट घेतला की घशाच्या तळाशी खवट. ती टाकी आम्ही ओतून देतो. मला ओतायला कुठे जागा नाही.

अकरा दिवसांचं मी जे लिहिलं त्याबद्दल हिनं मला सांगितलं की पुन्हा तो विषय काढायचा नाही. कारण सांगितलं नाही. मी काढणार नाही.

हिच्याबद्दल मी खोटं लिहिलं होतं. ते तू ओळखलंसच.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. कोरी जागा सोडतो.

धाकटा


१४ मे

ती. ताईला,
सा. न. वि. वि.

तू येण्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईत लिहितो.

परवा मंगळवारी कारखान्यात एक टाकी बंद होती, त्यामुळे दुपारी बारालाच घरी आलो. ही दवाखान्यात, पाचला येणार. घरात शिरलो आणि कळलं. ज्या वासासाठी शेड बांधली तो, पण दसपट. आप्पांचं पोट सकाळपासून बिघडलेलं. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं, आणि ते आत फरशीवर, भिंतीला टेकून बसलेले. पडले नव्हते, घसरत खाली बसले होते. पायांना, फरशीला, सगळीकडे. पांढरा शर्ट तेवढा त्यांनी छातीपर्यंत गुंडाळून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, भरू नये म्हणून. कधीपासून धरला होता कोण जाणे. 

मला बघून म्हणाले की तू जा, तिला येऊ दे.

पाचला अजून पाच तास होते. ताई, मी दार ओढून घेतलं. खरंच ओढून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. नळाच्या आवाजातून त्यांचा काहीच आवाज येत नव्हता, त्याचीच भीती वाटली. म्हणून परत गेलो. प्रेमानं वगैरे नाही. भीतीनं.

कोमट पाणी घेतलं, जुने टॉवेल घेतले. पायांपासून सुरुवात केली. त्यांच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या बादलीला मला उमळून आलं आणि मी बेसिनमध्ये ओकलो. तिथे त्यांच्या कवळीची वाटी होती, ती कशीबशी बाजूला केली. तोंड पुसून वळलो तर ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता मान फिरवतील. नाही फिरवली.

म्हणाले, "तू तान्हा होतास तेव्हा मलाही असंच व्हायचं. तुझ्या आईला कळू दिलं नाही. श्वास धरून करायचो. तू धरतोयस, पण सोडायला विसरतोयस. दाराकडे तोंड करून सोड, आणि पुन्हा धर."

मला आधी कळलंच नाही की ते काय बोलतायत. मग हसू फुटलं, आणि हसताना श्वास घ्यावा लागला, आणि पुन्हा मळमळलं. तेही हसले, दात नसलेलं हसू. मग मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. धरायचा, पुसायचं, दाराकडे तोंड करून सोडायचा. ते मधूनमधून, आता सोड, असं सांगत होते, पूर्वी गिऱ्हाइकाला वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा सांगायचे त्याच आवाजात. तासभर लागला. शेवटी त्यांच्या हातातला शर्ट मी सोडवून घेतला. बोटं आखडली होती, एकेक उघडावी लागली. शर्टाला डाग नव्हता.

ही पाचला आली तेव्हा ते झोपले होते आणि मी फरशीवर तिसरं पाणी ओतत होतो.  बादली माझ्या हातातून घेऊन म्हणाली की कोपरे राहिलेत.

किळस गेली असं समजू नकोस. काल पुन्हा रुमाल उचलताना दाराकडे तोंड करून श्वास सोडावा लागला, आजही. ती जाईल असं मला वाटत नाही आणि आप्पांनाही वाटत नाही. त्यांनी विचारलं की ताई येते आहे ना, तिलाही श्वासाचं सांगायचं राहून गेलं होतं. का विचारलं ते मला माहीत नाही, तुला असेल. ये आणि शिकून घे.

गादी अजून शेडमध्येच आहे, ही आत घ्यायला तयार नाही आणि मीही मागितलेलं नाही. पण जेवायला टेबलावर बसतो. आप्पांच्या समोर नाही, शेजारी. समोरून दिसतं, शेजारून नुसतं ऐकू येतं. सध्या एवढं जमतंय.

जमेल तेवढा लोभ असू दे, बाकीचा आल्यावर बघू.

तुझा
धाकटा